उमेदवार पारखायचा तर नमुना २६ उघडा

‘सगळे एकाच माळेचे मणी, त्यात निवडायचं काय?’ लोकसभेची निवडणूक लागली की हे वाक्य एसटी स्टँडपासून सोसायटीच्या मीटिंगपर्यंत कानावर पडतं. असं म्हणणाऱ्यांपैकी बहुतेकांनी एकाही उमेदवाराचं प्रतिज्ञापत्र उघडलेलं नसतं. ते उघडायला वकील लागत नाही, माहितीचा अधिकारही वापरावा लागत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३ च्या निकालांपासून प्रत्येक उमेदवाराला गुन्हे, मालमत्ता, कर्ज आणि शिक्षण शपथेवर जाहीर करावं लागतं. हा कागद म्हणजे नमुना २६. निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या फलकावर तो लागतो. निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर आणि ‘नो युवर कॅन्डिडेट’ या ॲपवरही दिसतो.

पण वाचणारेही फसतात. सगळ्यात पक्का गैरसमज असा की अर्ज मंजूर झाला म्हणजे आतली माहिती आयोगानं तपासली. तसं नाही. छाननीत अर्ज पूर्ण आहे का, हे बघतात. रकाना कोरा ठेवता येत नाही आणि सूचना देऊनही तो भरला नाही तर अर्ज बाद होऊ शकतो, असं २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं. भरलेला मजकूर खरा की खोटा, ही चौकशी मात्र त्या टेबलावर होत नाही. खोटं लिहिलं तर कायद्यात सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही आहेत, पण त्यासाठी कुणाला तरी कोर्टात जावं लागतं. कुणी विरोधी प्रतिज्ञापत्र दिलं असेल तर तेही प्रसिद्ध होतं. तेही वाचावं.

दुसरा घोळ गुन्ह्यांचा. ‘याच्यावर बारा केसेस, त्याच्यावर एकच’ असा मेसेज फिरतो आणि एकवाला सज्जन ठरतो. आकड्यावर जाऊ नका, कलमं बघा. जुन्या भारतीय दंड संहितेचं कलम १४३ म्हणजे बेकायदेशीर जमाव, १८८ म्हणजे सरकारी आदेश मोडणं. मोर्चे काढणाऱ्या कार्यकर्त्यावर अशी डझनभर कलमं सहज साचतात. ३०२ हा खून आणि ४२० ही फसवणूक. जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाल्यानं नव्या गुन्ह्यांत हेच अनुक्रमे १८९, २२३, १०३ आणि ३१८ असे दिसतील. त्याच तक्त्यात गुन्ह्याचं थोडक्यात वर्णन असतं आणि न्यायालयानं दोषारोप निश्चित केलेत का, तेही लिहिलेलं असतं. माझ्या मते अख्ख्या प्रतिज्ञापत्रातला सर्वांत बोलका रकाना हाच. नुसती तक्रार कुणीही करू शकतो. दोषारोप ठेवताना न्यायाधीशानं कागद पाहिलेले असतात.

‘गुन्हे असतील तर उभंच राहू देत नाहीत’ हेही खरं नाही. खटला चालू असला तरी लढता येतं. दोन वर्षं किंवा जास्त शिक्षा झाली तर अपात्रता येते, ती सुटकेनंतरही सहा वर्षं राहते. काही गुन्ह्यांत कमी शिक्षाही पुरते. सर्वोच्च न्यायालयाच्या फेब्रुवारी २०२० च्या आदेशानुसार खटले असलेला उमेदवार का निवडला, हे पक्षाला जाहीर करावं लागतं आणि ‘निवडून येण्याची क्षमता’ एवढंच कारण चालत नाही. ही कारणं बहुतेकदा ठरावीक छापाची असतात, तरी वाचा.

मालमत्तेचं बघू. कोटींचा आकडा दिसला की ‘खाल्ले’ म्हणायची घाई होते. पण स्थावर मालमत्तेच्या तक्त्यात जमीन वारसाहक्कानं आली की विकत घेतली, कधी, कितीला आणि आजचा अंदाजे बाजारभाव किती, हे वेगवेगळं लिहावं लागतं. वडिलोपार्जित शेताशेजारून हायवे गेला तर काही न करताही माणूस कागदावर कोट्यधीश होतो. म्हणून उमेदवाराच्या आकड्यांची तुलना त्याच्याच मागच्या प्रतिज्ञापत्राशी करा. मधल्या काळात ठेवी, सोनं, गाड्या आणि नवी खरेदी किती वाढली? पाच वर्षांच्या आयकर विवरणांतलं उत्पन्न त्याला पुरेसं आहे का? पती किंवा पत्नी आणि अवलंबितांचे रकानेही त्यातच आहेत. कित्येकदा खरी वाढ तिथेच दिसते.

आता काम. ‘खासदारानं आमच्या गल्लीचा रस्ता केला नाही’ ही तक्रार बहुधा नगरपालिकेची किंवा जिल्हा परिषदेची असते. खासदार निधी वर्षाला पाच कोटी. खासदार कामं सुचवतो, पैसा जिल्हा प्रशासनामार्फत खर्च होतो. महाराष्ट्रात एका लोकसभा मतदारसंघात विधानसभेचे सहा मतदारसंघ येतात, म्हणजे एकेकाच्या वाट्याला वर्षाला सुमारे ८३ लाख. एवढ्यात रस्त्यांचं जाळं होत नाही. खासदाराचं मूळ काम संसदेत आहे. मात्र हजेरीचे तक्ते सावधपणे वाचा: मंत्री हजेरीपटावर सही करत नाहीत आणि सदनात प्रश्न विचारत नाहीत, उत्तरं देतात. त्यांच्या नावापुढचं शून्य म्हणजे दांडी नव्हे.

चिन्ह पाठ आहे म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांनी सातारा आठवावा. २०२४ मध्ये तिथे ‘तुतारी वाजवणारा माणूस’ या चिन्हावरचे शशिकांत शिंदे ३२,७७१ मतांनी हरले. ट्रम्पेट, म्हणजे लोकांच्या भाषेत पिपाणी, घेतलेल्या अपक्षाला ३७ हजारांवर मतं पडली. सगळी मतं चुकून गेली असं सिद्ध करता येत नाही. पण यंत्रावर नाव, फोटो आणि चिन्ह तिन्ही असतात, तर तिन्ही बघायला किती वेळ लागतो?

राहिला नोटा. ‘नोटाला जास्त मतं पडली की फेरनिवडणूक’ हे लोकसभेला लागू नाही. महाराष्ट्र राज्य निवडणूक आयोगानं २०१८ मध्ये तसा नियम केला तो स्थानिक स्वराज्य संस्थांसाठी. गोंधळ बहुधा तिथूनच झाला. लोकसभेला नोटा पहिला आला तरी उमेदवारांत ज्याला सर्वाधिक मतं तोच खासदार. २०२४ ला इंदूरमध्ये नोटाला २,१८,६७४ मतं पडली आणि निकालात काहीही बदल झाला नाही.

अर्ज मागे घ्यायची मुदत संपल्यापासून मतदानापर्यंत किमान दोन आठवडे मिळतात. प्रतिज्ञापत्र लांबलचक वाटत असेल तर शेवटचा ‘भाग ब’ काढा. त्यात सगळ्याचा गोषवारा असतो. आपल्या मतदारसंघातल्या तीन-चार उमेदवारांचे भाग ब शेजारी शेजारी ठेवा, घरच्यांनाही दाखवा आणि मग ‘सगळे सारखेच’ म्हणायचं का ते ठरवा.