शिशावांचून ठिणगी

पेणच्या गणपतींची ख्याति आपणांस ठाऊकच आहे. पेण व लगतच्या हमरापूर येथील कारखान्यांत शाडूची मूर्ति आकार घेते, वाळते आणि रंगविली जाते. ती भाजीत नाहींत. म्हणूनच विसर्जनानंतर पाण्यांत विरघळते. कुंभाराचें मडकें मात्र एकदां भाजलें कीं पुन्हां माती होत नाहीं. अग्नीनें घडविलेल्या अशा पदार्थांच्या कुळांतील एका विलक्षण पदार्थाविषयीं आज बोलावयाचें आहे. त्याचें नांव बेरियम टायटेनेट.

बेरियम कार्बोनेट व टायटेनियम डाय-ऑक्साइड यांच्या भुकट्या खलून सुमारें १,१०० अंश सेंटिग्रेडपर्यंत तापविल्या म्हणजे हें संयुग तयार होतें. तें पुन्हां दळून, दाबून त्याच्या चकत्या करतात व सुमारें १,३०० अंशांवर भाजतात. यांतील टायटेनियम ज्या इल्मेनाइटपासून मिळतें, तें आपल्या कोंकणांतच, रत्नागिरीच्या किनाऱ्यावर मालगुंड व पूर्णगडकडील काळ्या वाळूंत आहे.

या पदार्थाचा गुण त्याच्या अंतर्रचनेंत आहे. टायटेनियमचा प्रत्येक अणु प्राणवायूच्या सहा अणूंच्या पिंजऱ्यांत असतो. पण तो बरोबर मध्यभागीं बसत नाहीं, किंचित् एका बाजूस सरकलेला असतो. त्यामुळें स्फटिकाचें एक टोक धन व दुसरें ऋण बनतें. बाहेरून विजेचा पुरेसा दाब दिला तर ही दिशा उलटते, आणि दाब काढला तरी ती तशीच राहते. लोहचुंबकाच्या उत्तर-दक्षिण ध्रुवांशीं असलेल्या या साम्यावरून अशा पदार्थांस फेरोइलेक्ट्रिक म्हणतात. लोखंडाचा मात्र त्यांत अंशही नसतो. सुमारें १२० अंशांपलीकडे तापविल्यास हा गुण लोपतो.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत अमेरिका, रशिया व जपान येथील संशोधकांना हा गुण स्वतंत्रपणें आढळला. वीज साठविण्याची या मातीची शक्ति हवेच्या हजारपटींहूनही अधिक आहे. म्हणूनच आपल्या खिशांतील मोबाईलमध्यें हिचे शेंकडों सूक्ष्म कपॅसिटर असतात.

हिचा दुसरा उपयोग दाबाचा. भाजलेल्या चकतींत असंख्य कण निरनिराळ्या दिशांकडे तोंड करून असतात. ऊन तेलांत ठेवून तिला विजेचा प्रखर दाब दिला कीं बहुतेक कण एका दिशेस वळतात. अशी चकती दाबली तर वीज देते, आणि वीज दिली तर किंचित् ताणते वा आकसते. सोनोग्राफीचें यंत्र व मच्छीमारांचें खोली मोजण्याचें यंत्र याच तत्त्वावर चालतें. स्वयंपाकघरांतील लायटरचेंही तसेंच. स्प्रिंगच्या बळावर आंतला हातोडा चकतीवर आदळतो, हजारों व्होल्टांचा दाब उत्पन्न होतो आणि ठिणगी उडते.

परंतु या लायटरांत सामान्यतः बेरियम टायटेनेट नसतें. १९५० नंतर शिसें, झिर्कोनियम व टायटेनियम यांची जी मिश्र माती पुढें आली, तिनें हें क्षेत्र काबीज केलें. तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग शिशाचा असतो. ती अधिक प्रबळ आहे व अधिक उष्णता सोसते. लायटर हातीं धरल्यानें अपाय नाहीं, कारण शिसें त्या मातींत घट्ट बांधलेलें असतें. धोका आहे तो खाणींत, भट्टीच्या वाफेंत आणि कचऱ्यांत. शिशानें लहान मुलांच्या मेंदूची हानि होते, हें निर्विवाद आहे.

रंगांच्या बाबतींत आपण जागे झालों. घरगुती रंगांत दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक शिसें असूं नये, असा नियम भारत सरकारनें २०१६ सालीं केला. मूर्तींना विषारी रंग देऊं नयेत, असें केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२० च्या सूचना सांगतात. युरोपनें २००६ पासून विजेच्या उपकरणांतील शिशावर मर्यादा घातली. पण या मातीला मात्र सूट द्यावी लागली. तोडीस तोड दुसरा पदार्थ नव्हता!

तो शोध आजही चालू आहे. २००४ सालीं जपानी संशोधकांनीं पोटॅशियम, सोडियम व निओबियम यांच्या ऑक्साइडाची शिसेयुक्त मातीच्या तोडीची चकती केली. परंतु भाजतांना पोटॅशियम व सोडियम उडून जाऊं पाहतात. बेरियम टायटेनेटमध्यें कॅल्शियम व झिर्कोनियम मिसळून २००९ सालीं याहूनही प्रबळ माती केली गेली. पण तिचा गुण शंभर अंशांच्या आंतच संपतो. एक साधावें तों दुसरें निसटावें, अशी ही ओढाताण आहे.

पेणहून आगगाडीनें पुढें गेलें कीं रोहें लागतें. तेथें कुंडलिकेच्या खोऱ्यांत धाटावची रासायनिक वसाहत आहे. वस्तु करण्यांत जें वापरावें, त्याचा हिशेब शेवटीं माती व पाणी यांच्याशींच द्यावा लागतो, हें नदीकांठच्या माणसास वेगळें सांगावें लागत नाहीं. म्हणून मोडका लायटर फोडूं नये, जाळूं नये. विजेच्या टाकाऊ वस्तूंबरोबर वेगळा ठेवावा. शाडूची मूर्ति पाण्याला देतांना आपण जी काळजी वाहतों, तीच चिमूटभर भाजलेल्या मातीचीही वाहिली पाहिजे. शिशावांचून ठिणगी पडूं शकते, हें प्रयोगशाळेंत सिद्ध झालें आहे. ती स्वस्त व टिकाऊ होऊन आपल्या चुलीपर्यंत पोंचणें, एवढेंच बाकी आहे.