आधी पाणी शोधा, मग रंग लावा

पावसाळा सरता सरता आपल्याकडे अनेक घरांत एकच बेत शिजू लागतो. दसरा-दिवाळीपूर्वी घराला रंग काढायचा! चार महिन्यांत भिंतीवर उमटलेले काळे-हिरवे ठिपके, कपाटामागचा कुबट वास, चामड्याच्या चपलांवर आलेला बुरा, हे सारे एकदाचे पुसून घर लखलखीत करायचे. दिवाळी छान होते. पण पुढच्या आषाढात तेच डाग त्याच जागी पुन्हा हजर! मग आपण रंगाला, रंगाऱ्याला, नाहीतर नशिबाला दोष देतो. ही गत आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी अशी आहे. डाग भिंतीवर दिसतो, पण मूळ दुखणे पाण्याचे असते.

बुरशीचे बीजाणू हवेत सर्वत्र आणि बारा महिने असतात. त्यांना हाकलून देणे कोणालाच शक्य नाही. त्यांचे खाद्यही घरभर पसरलेले असते. भिंतीवरची धूळ, रंगातील चिकट द्रव्ये, लाकूड, पुस्तकांचे पुठ्ठे, चामडे, काहीही चालते. हवेतील ऊबही आपल्याकडे त्यांना हवी तशीच. आपल्या हातात उरते ते फक्त पाणी. भिजलेली वस्तू २४ ते ४८ तासांत खडखडीत वाळली, तर तिच्यावर सहसा बुरशी धरत नाही. खोलीतील सापेक्ष आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली राहिली तरी तिचे फारसे चालत नाही.

हा प्रश्न केवळ घराच्या शोभेचा नाही. ओलसर घरांत दम्याचा त्रास वाढतो, खोकला आणि छातीतील घरघर अधिक आढळते, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००९ च्या मार्गदर्शिकेत नमूद केले आहे. लहान मुले, वृद्ध आणि दमेकरी यांना धोका जास्त. थंड हवेच्या देशांनाही यातून सुटका नाही. इंग्लंडमधील रॉचडेल येथे डिसेंबर २०२० मध्ये दोन वर्षांचे एक बालक दगावले. घरातील बुरशीशी दीर्घकाळ आलेला संपर्क हे त्यामागचे कारण असल्याचे २०२२ च्या न्यायिक चौकशीत स्पष्ट झाले. त्या मुलाच्या वडिलांनी घरमालक संस्थेकडे तक्रार केली होती. त्यांना सांगण्यात आले होते की, वरून रंग लावा!

तर मग हे पाणी येते कुठून? त्याच्या वाटा चार.

पहिली वाट पावसाची. मुंबईत जून ते सप्टेंबर या काळात सरासरी सात फुटांहून अधिक पाऊस पडतो, रत्नागिरीत त्याहूनही जास्त. नैऋत्येकडून येणारी झड भिंतीवर आडवी आपटते आणि गिलाव्यातील केसाएवढ्या भेगेतूनही आत शिरते. कोकणातील जुन्या घरांचे छप्पर भिंतीच्या बरेच बाहेर आलेले असे. पागोळ्या दूर पडत आणि माऱ्याच्या बाजूला झावळ्यांचे झाप बांधले जात. आजच्या इमारतींच्या भिंती उघड्या असतात. म्हणून भेगा, खिडकीच्या चौकटीभोवतीचे सांधे, गच्चीचा कोबा आणि तुंबलेली पन्हळे दरवर्षी मे महिन्यापूर्वी तपासायलाच हवीत.

दुसरी वाट जमिनीतून. दिव्याची वात तेल वर ओढते, तशी विटांची किंवा जांभ्याची भिंत जमिनीतील पाणी वर खेचते. तळाशी दोन-तीन फुटांपर्यंत ओलीचा पट्टा, त्यावर पांढरा लोणा आणि सुटणारे पोपडे, ही तिची खूण. जोते उंच ठेवणे आणि जोत्यावर ओल अडवणारा थर घालणे, हा यावरचा जुना व खात्रीचा उपाय. पण मुंबईतील अनेक जुन्या वस्त्यांत रस्त्यावर थरावर थर चढले आणि तळमजल्याची घरे रस्त्याच्या खाली गेली. अशा ठिकाणी पाणी घराकडे न येता बाहेर वाहील, असा उतार आणि गटार आधी करावे लागते. तळघराचेही तसेच आहे. बाहेरच्या मातीतील पाणी भिंतीवर दाब देत असते. त्यामुळे नुसता आतून केलेला गिलावा किंवा रंग ते ढकलून पाडते. पाणी बाहेरच्या अंगानेच अडवायला हवे. बांधतानाच शहाबादी फरशी लावून तळघराला बाहेरून पेटीसारखे वेढतात, ते याचसाठी.

तिसरी वाट नळांची आणि मोऱ्यांची. भर उन्हाळ्यातही डाग ओलाच राहत असेल, तर पावसाला बोल लावू नका. घरातील सगळे नळ बंद करून मीटर पाहा. तो फिरत असेल, तर नळ कुठेतरी गळतो आहे. न्हाणीघराची शंका असल्यास मोरीचे तोंड बुजवून दोन इंच पाणी साठवा आणि चोवीस तास खालच्या घराचे छत पाहा. यावरून शेजाऱ्यांत वितुष्ट येते, म्हणून एक गोष्ट ध्यानात ठेवावी. महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार पावसाच्या पाण्याची आणि सामायिक नळांची गळती दुरुस्त करणे संस्थेकडे असते, तर घरातील संडास, मोरी वगैरेंची अंतर्गत गळती त्या त्या सभासदाकडे.

चौथी वाट हवेची. ३० अंश तापमानाची एक घनमीटर हवा सुमारे ३० ग्रॅम वाफ सामावू शकते, २५ अंशांची जेमतेम २३ ग्रॅम. म्हणजे दमट हवा गार भिंतीला लागली, की जास्तीचे पाणी तिथेच उतरते. पावसाळ्यात आपण घरात कपडे वाळत घालतो. ते सारे पाणी खोलीच्या हवेतच जाते. शक्य तर कपडे एकाच खोलीत, पंख्याखाली आणि खिडकी किलकिली ठेवून वाळवावेत. स्वयंपाक करताना हवा बाहेर टाकणारा पंखा लावावा. कपाट बाहेरच्या भिंतीपासून तीन-चार इंच दूर ठेवावे. डांबरगोळ्यांनी कीड दूर राहते, ओल नव्हे!

भिंतीतून ओल येते की हवेतून, हे ओळखण्याची सोपी युक्ती आहे. फूटभर प्लास्टिकचा कागद चारही बाजूंनी चिकटपट्टी लावून भिंतीवर घट्ट बसवा. एक-दोन दिवसांनी थेंब खोलीच्या बाजूला दिसले, तर ते हवेतले पाणी. कागदाच्या मागे दिसले, तर भिंतीतले.

वाट बंद केली की मगच साफसफाई. डाग दहा चौरस फुटांपेक्षा कमी असेल, तर घरच्या घरी करता येते. नाकाला मुखपट्टी, हातात मोजे, खिडकी उघडी आणि साबणाचे पाणी. कोरड्या झाडूने खरवडू नये, बीजाणू घरभर उडतात. बुरशी धरलेली गादी किंवा उशी टाकून द्यावी. आणि ब्लीचिंग पावडर संडास धुण्याच्या अॅसिडमध्ये कधीही मिसळू नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

राहिला रंग. पावसात भिजलेली जाड भिंत वाळायला अनेक आठवडे, कधी महिनेही लागतात. दिवाळीच्या तोंडावर तिच्यावर रंगाचा थर दिला, तर पाणी आतच कोंडते आणि फुगे धरतात. दुखऱ्या भिंतीचा सुटलेला गिलावा दिवाळीत काढून ती तशीच उघडी ठेवावी. तिला थंडीची कोरडी हवा मिळू द्यावी, फेब्रुवारी-मार्चमध्ये भेगा बुजवाव्यात आणि मग रंग काढावा. पाहुण्यांनी विचारले, तर भिंत वाळते आहे असे सांगावे.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)