मतदानाच्या वाटा : भाग ६ – बोटांनी वाचलेलं मत

काचबिंदूने मावशीची नजर पूर्ण गेली, त्यानंतरच्या पहिल्याच निवडणुकीला मी तिला मतदानाला घेऊन गेलो होतो. केंद्राध्यक्षांनी माझ्याकडे पाहून विचारलं, "यांचं मत तुम्हीच देणार ना?" मावशी माझा दंड धरून शेजारीच उभी होती. मी हो म्हणालो. आडोशाच्या आत तिने माझ्या कानात नाव सांगितलं, मी बटण दाबलं, लांबलचक आवाज झाला आणि आम्ही बाहेर आलो. रिक्षात ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "तू कुणाला सांगणार नाहीस, ठाऊक आहे रे. पण तुला कळलंच ना! तुझ्या काकांना मी चाळीस वर्षांत कधी कळू दिलं नव्हतं."

आजचा भाग त्या रिक्षातल्या वाक्यावर आहे.

नियमाने पाहिलं तर त्या दिवशी काहीच चुकीचं घडलं नाही. १९६१ च्या निवडणूक नियमांतला ४९-एन हा नियम अंध किंवा अशक्त मतदाराला सोबती नेण्याची मुभा देतो. सोबत्याचं वय किमान १८ हवं. त्या दिवशी त्याला एकाच मतदाराचा सोबती होता येतं आणि मत गुप्त ठेवीन असं जाहीर करावं लागतं. नोंद नमुना १४-अ मध्ये होते. पण हा नियम मुभा देतो, सक्ती करत नाही. सोबती हवा की नको, हे मतदाराने ठरवायचं. केंद्राध्यक्षांनी तो प्रश्न मला नव्हे, मावशीला विचारायला हवा होता. आणि मीही हो म्हणण्याआधी तिच्याकडे वळायला हवं होतं.

कारण दुसरी वाट तिथेच, त्या यंत्रावर होती. आपल्या मतदान यंत्राच्या निळ्या बटणांशेजारी ब्रेल लिपीत १ ते १६ हे अंक उठावदार कोरलेले असतात. हैदराबादच्या आसिफनगर मतदारसंघात २००४ च्या पोटनिवडणुकीत याचा पहिला प्रयोग झाला आणि २००९ च्या लोकसभेपासून ते देशभर आलं. केंद्राध्यक्षांकडे ब्रेलमधली नमुना मतपत्रिकाही असते. मतदाराने ती मागून घ्यायची, उमेदवारांची नावं अनुक्रमांकासह बोटांनी वाचायची, आपला क्रमांक मनात धरायचा आणि एकट्याने आत जायचं. तो क्रमांक त्याच्याखेरीज कुणालाच कळत नाही.

सगळ्या अंधांना ब्रेल कुठे येतं, असं कुणी म्हणेल. खरं आहे. मधुमेहाने किंवा काचबिंदूने उतारवयात दृष्टी गेलेल्यांनी ब्रेलची शाळा पाहिलेली नसते. पण यंत्रावर फक्त अंक आहेत. ब्रेलमध्ये अंकांना दहाच खुणा, आणि त्यांच्यापुढे एक अंकचिन्ह. एवढं कुठल्याही वयात शिकता येतं.

उतार, चाकाची खुर्ची, घरून ने-आण यांबद्दल आपण बरंच वाचतो. २००४ मध्ये अपंग हक्कांसाठी लढणाऱ्यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने मतदान केंद्रांवर लाकडी उतार करायला सांगितले. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या ११ व्या कलमाने तर सगळी केंद्रं आणि निवडणुकीचं सगळं साहित्य सुगम असणं बंधनकारक केलं. हे मोलाचं आहेच. उताराशिवाय दारातूनच परत जावं लागतं. पण उतार फोटोत दिसतो, गुप्तता दिसत नाही. म्हणूनच उताराची विचारपूस होते आणि गुप्ततेची होत नाही, असं मला वाटतं.

घरून मतदानाचंही तेच. २०१९ मध्ये नियम बदलला आणि त्याच वर्षी झारखंडमधल्या काही मतदारसंघांत ते सुरू झालं. २०२४ मध्ये ते लोकसभेसाठी देशभर होतं. ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असेल किंवा वय ८५ च्या पुढे असेल, तर निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत नमुना १२-डी भरून द्यायचा. मग कर्मचारी मतपत्रिका घेऊन घरी येतात. अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी ही फार मोठी गोष्ट आहे. पण हे मत कागदावर असतं, बोटांना लागणारे अंक त्यावर नाहीत. आणि दहा बाय बाराच्या खोलीत, जिथे सून, मुलगा, नातवंडं सगळी तिथेच बसलेली, तिथे पुठ्ठ्याचा आडोसा कितपत पुरणार? नमुना भरण्याआधी याचा विचार करा, कारण एकदा घरची वाट निवडली की केंद्रावर जाऊन मत देता येत नाही.

ऑस्ट्रेलियात एक निराळी वाट आहे. तिथे संघीय निवडणुकीत २०१३ पासून अंध मतदार फोनवरून मत देतात. आधी नोंदणी करून क्रमांक मिळवायचा आणि स्वतःचा पिन ठरवायचा. मतदानाच्या फोनवर नाव सांगायचं नाही. एक कर्मचारी मत नोंदवतो, दुसरा ते बरोबर नोंदलं का ते पाहतो. दोघांना मत कळतं, माणूस कळत नाही. आपल्या सोबत्याला मात्र दोन्ही कळतात. तिथल्याच न्यू साउथ वेल्स राज्याने अंधांचा विचार करून २०११ मध्ये इंटरनेटवरून मतदानही आणलं. ते इतर काही मतदारांनाही खुलं होतं. डिसेंबर २०२१ च्या स्थानिक निवडणुकांत त्यावर इतका भार आला की अनेकांना मत देताच आलं नाही. न्यायालयाने तीन ठिकाणचे निकाल रद्द केले आणि ती प्रणाली बंद झाली. फोन राहिला. साधं साधन टिकलं, याचं मला आश्चर्य वाटत नाही.

मावशीने पुढच्या निवडणुकीआधी ते दहा अंक शिकून घेतले. ब्रेलच्या चौकटीत सहा ठिपके असतात, दोन उभ्या रांगांत तीन-तीन. मी अंड्यांच्या ट्रेचा सहा खळग्यांचा तुकडा कापला आणि त्यात लिंबं ठेवून तिला एकेक अंक दाखवला. वर्तमानपत्रातली उमेदवारांची यादी मी पहिल्या नावापासून शेवटच्या नावापर्यंत तीनदा वाचली. तिने कोणता क्रमांक लक्षात ठेवला, ते मला कळायचं कारण नव्हतं.

या वेळी आडोशापर्यंत मी सोडलं, आत ती एकटी गेली. बराच वेळ लागला. रांगेत मागे चुळबुळ सुरू झाली. मग तो लांब आवाज आला.

बाहेर आल्यावर तिला हसू आवरत नव्हतं. पायऱ्या उतरताना मात्र ती थांबली. बटण दाबल्यावर मताची चिठ्ठी छापणाऱ्या व्हीव्हीपॅट यंत्राच्या काचेमागे सात सेकंद ती चिठ्ठी दिसते, हे तिने रेडिओवर ऐकलं होतं. अमेरिकेत २००२ च्या कायद्यानंतर केंद्राकेंद्रांवर हेडफोन लावून मत ऐकता येईल अशी यंत्रं आली. आपल्या चिठ्ठीला अजून आवाज नाही.

"माझी चिठ्ठी बरोबर पडली का," तिने विचारलं, "ते मला कोण सांगणार?"