शाळेच्या वेळेची पोटदुखी

चौथीतल्या एका मुलाला त्याची आई दवाखान्यात घेऊन आली. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) पंधरा दिवस रोज शाळेच्या वेळेला पोट दुखे, रविवारी मात्र नाही. पोट मऊ, लघवीची तपासणी स्वच्छ, जंताचे औषध देऊन झालेले. अशी पोटदुखी ढोंग नसते. भीतीनेही पोट खरोखर दुखते. मात्र वजन घटत असेल किंवा दुखण्याने मूल रात्री झोपेतून उठत असेल, तर अधिक तपासण्या हव्यात.

हळूहळू उलगडा झाला. मोबाईलवरच्या खेळात ओळख झालेल्या एका ‘दादा’ने उघड्या अंगाचा फोटो मागून घेतला होता आणि आता तो धमकावत होता. मुलाने आधी बाईंना सांगून पाहिले. "मोबाईल हातात घेतोसच कशाला?" असे त्या वर्गासमोर म्हणाल्या. पोटदुखी तिथून सुरू झाली.

बाई नवीन होत्या. त्यांना दोष देणे सोपे आहे. पण अशा वेळी काय बोलावे, याचा सराव त्यांच्याकडून कोणी करून घेतला होता?

पुढे एका अध्यापक विद्यालयात प्रथमोपचारावर बोलायला गेलो, तेव्हा मी हाच सराव पाठ घेतला. एक छात्राध्यापिका मूल झाली, बाकीचे गुरुजी. बहुतेकांचा पहिला प्रश्न, "तू पाठवलासच का?" (मीही बाप म्हणून हेच विचारले असते.) शेवटी एकजण म्हणाला, "सांगितलंस ते बरं केलंस. चूक तुझी नाही." मग पुढचे शिकवणे सोपे गेले. संदेश पुसू नयेत, तो पुरावा असतो. मुलाचा फोटो शिक्षकांच्या ग्रुपवर तर मुळीच टाकू नये. मुख्याध्यापकांना सांगून जबाबदारी संपत नाही. २०१२ च्या पोक्सो कायद्याने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, मूल मुलगा असो वा मुलगी. मुलांसाठीची हेल्पलाईन १०९८.

मुलांना "अनोळखी माणसाशी बोलू नका" एवढेच शिकवून भागत नाही. महिनाभर सोबत खेळलेला ‘दादा’ मुलाला अनोळखी वाटतच नाही. त्यापेक्षा "घरी सांगू नको असे जो म्हणेल, त्याचेच आधी घरी सांगा" हे दुसरीतल्या पोरालाही कळते.

तक्रार नोंदवल्यावर मुलाची पोटदुखी हळूहळू थांबली. परवा त्याच बाई दवाखान्यात आल्या. हा पाठ आमच्या शाळेत घ्याल का, म्हणाल्या. मी म्हटले, पाठ तुम्ही घ्या, मी मागच्या बाकावर बसतो.