पालकांची याचिका आणि प्रवेशाचा हक्क : १९५४ चा एक निर्णय

शासनाचे शैक्षणिक धोरण सद्हेतूने आखलेले असले, तर त्यासाठी एखाद्या मुलाला प्रवेश नाकारता येईल काय? हा प्रश्न १९५४ साली काही पालकांनी मुंबई उच्च न्यायालयात नेला. मुंबई राज्य शासनाच्या ६ जानेवारी १९५४ च्या आदेशानुसार इंग्रजी माध्यमाच्या वर्गांत केवळ अँग्लो-इंडियन व आशियाई वंशाचे नसलेले नागरिक यांच्याच मुलांना प्रवेश मिळणार होता. त्यामुळे बॉम्बे एज्युकेशन सोसायटीच्या देवळाली येथील अनुदानित बार्न्स हायस्कूलने एका भारतीय ख्रिस्ती मुलीला व एका गुजराती भाषक मुलाला प्रवेश नाकारला. संस्था आणि पालक या दोघांनीही न्यायालयात धाव घेतली.

हिंदीची अभिवृद्धी हाच आदेशाचा उद्देश असल्याचा शासनाचा युक्तिवाद होता. तो उच्च न्यायालयाने फेटाळला. सर्वोच्च न्यायालयानेही २६ मे १९५४ रोजी हा निर्णय कायम केला. आदेशामागील हेतू आणि प्रवेश नाकारण्याचे प्रत्यक्ष कारण यांत न्यायालयाने भेद केला. कारण भाषेचे असल्याने संविधानाच्या अनुच्छेद २९(२) चा भंग होतो, आणि हे संरक्षण केवळ अल्पसंख्याकांना नव्हे, तर प्रत्येक नागरिकाला आहे, असे ठरले.

अवघ्या नऊ दिवसांपूर्वी, १७ मे रोजी, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पालकांच्याच दाव्यांत वर्णभेदी शाळा घटनाबाह्य ठरविल्या होत्या. अनुच्छेद २९(२) अनुदानित महाविद्यालयांनाही लागू असल्याने हा भेद प्रवेश समित्यांनी ध्यानी घेणे अगत्याचे आहे.