बोलण्याआधीचे बोलणे

‘दोन वर्षांचा झाला, अजून बोलत नाही,’ असे आई सांगते तेव्हा घरच्यांनी निकाल देऊन टाकलेला असतो: बापही उशिराच बोलला होता! पण शब्द किती येतात, हा नंतरचा प्रश्न. आधी पाहायचे ते मूल दुसऱ्यापर्यंत कसे पोचते. पहिल्या वाढदिवसाच्या आसपास मूल बोट दाखवू लागते. बिस्किटासाठी डब्याकडे दाखवलेले बोट ही मागणी. विमान दाखवून आईकडे वळून पाहणे, हे आनंदात सामील करून घेणे. एलिझाबेथ बेट्स आणि सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये हा भेद मांडला. स्वमग्न (ऑटिझम असलेली) मुले मागणी करतात, अनेकदा मोठ्यांचा हात धरून डब्यापाशी नेतात. दाखवणे मात्र मागे पडते.

मूल्यमापनाची साधने हेच शोधतात. ‘एम-चॅट-आर’मध्ये १६ ते ३० महिन्यांच्या मुलांच्या पालकांना २० हो-नाही प्रश्न विचारतात. ही केवळ चाळणी. तिच्यावरून निदान करू नये. ‘एडॉस’ चाचणीत तज्ज्ञ मुलाशी खेळतो: साबणाचे फुगे उडवतो आणि मध्येच थांबतो. मग मूल ‘आणखी’ कसे मागते, हसून तज्ज्ञाकडे पाहते का, हे टिपतो. सिकंदराबादच्या, बौद्धिक अक्षमतेवर काम करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेच्या ‘इसा’ या भारतीय मापनश्रेणीत ४० मुद्दे आहेत, प्रत्येकाला १ ते ५ गुण. अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी तीच वापरतात. मात्र सारखी बेरीज असलेली दोन मुले अगदी वेगळी असू शकतात, आणि उद्यापासून काय शिकवायचे हे बेरीज सांगत नाही.

निदानाच्या नावावरूनही संवाद कळत नाही. डाउन सिंड्रोमची मुले बहुधा हावभावांत तरबेज असतात, बोलणे मागे असते. विल्यम्स सिंड्रोमचे मूल अनोळखी माणसाशीही गप्पा मारते, पण समोरच्याचा कल ओळखताना अडखळते. नावाने हाक मारली तरी न वळणाऱ्या मुलाला कदाचित ऐकूच येत नसेल. म्हणून श्रवणचाचणी आधी.

परिस्थितीही पाहावी लागते. ‘एडॉस’मध्ये बाहुलीचा वाढदिवस साजरा करतात, ज्या घरात केक कापत नाहीत, तिथल्या मुलाला त्यातले काय कळणार? मोठ्यांच्या नजरेला नजर देऊ नये, असे वळण काही घरांत लावतात. प्रश्न घरच्या भाषेत विचारायला हवेत, मग ती अहिराणी असो वा कोकणी. दोन भाषांमुळे स्वमग्नता येत नाही.

२०१३ मध्ये पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाने मुलांच्या विकासाची तपासणी अंगणवाडीपर्यंत नेली. पण तपासणीनंतर मदतही हवी. गोवा आणि रावळपिंडी इथल्या, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तज्ज्ञ नसलेल्या कार्यकर्त्यांनी स्वमग्न मुलांच्या पालकांना मुलाच्या कलाने खेळायला शिकवले. पालक-मुलाच्या खेळाचे व्हिडिओ तपासले, तेव्हा मुलाने आपणहून साधलेला संवाद वाढलेला दिसला. दोघांचे एकत्र लक्ष असण्याचा काळ मात्र घटला होता. एकाच अभ्यासातले दोन निकाल असे उलट दिशेने जाऊ शकतात, म्हणून एका आकड्यावर विसंबू नये.

पालकांनी शंका आल्यास ‘होईल हळूहळू’ म्हणत थांबू नये. श्रवणचाचणी करून घ्यावी, घरातल्या खेळाचा छोटा व्हिडिओ तज्ज्ञाला दाखवावा. आणि अहवाल हाती आला की गुणांआधी एकच विचारावे: आमचे मूल आपणहून काय सांगू पाहते, आणि आम्ही त्याला काय उत्तर द्यावे?