नेम धरताना शरीर काय करतं?

पाचगणीच्या टेबललँडवर घोडेवाले, कणीसवाले आणि फोटोवाले यांच्या गर्दीत एखादी फळी उभी दिसते. तिच्यावर रंगीत फुग्यांच्या ओळी आणि समोरच्या टेबलावर दोन-तीन छर्ऱ्याच्या बंदुका. मागच्या थंडीत माझी बारा वर्षांची भाची आणि मी अशाच एका फळीसमोर उभे राहिलो. तिने दहा छर्ऱ्यांत सात फुगे फोडले, मी तीन. "मामा, तुझी बंदूक किती हलतेय बघ!" ती म्हणाली. मी वाऱ्याला दोष दिला. फुगेवाला नुसता हसला. वारा तिच्यासाठीही तोच होता.

फरक दुसराच होता. ती घोड्यावर बसून आली होती आणि मी तिच्या मागून चालत, धापा टाकत. शिवाय मला चाळिशी लागून बरीच वर्षं झाली. या दोन्ही गोष्टींचा नेमाशी फार जवळचा संबंध आहे.

त्या दिवशी मला 'टॉप शॉट' हा कार्यक्रम आठवला. अमेरिकेतल्या हिस्ट्री वाहिनीवर २०१० ते २०१३ या काळात त्याची पाच पर्वं झाली. निष्णात नेमबाजांना एका घरात ठेवायचं, दोन गट करायचे आणि दर भागात त्यांच्या हाती वेगळंच हत्यार द्यायचं. कधी ठासणीची बंदूक, कधी महायुद्धातली रायफल, कधी जुनं रिव्हॉल्व्हर, कधी धनुष्य, तर कधी फेकायचा सुरा. हरलेल्या गटातले लोक आपल्याच साथीदाराच्या नावाच्या लक्ष्यावर गोळी झाडायचे आणि स्पर्धेबाहेर जाण्याची टांगती तलवार कोणावर ते ठरवायचे. शेवटी उरणाऱ्याला एक लाख डॉलर. भांडणं, रुसवेफुगवे हे सगळं अशा कार्यक्रमांत असतं तसं होतंच. पण मला त्यात रस वाटला तो वेगळ्या कारणाने. एका हत्यारात वाघ असलेला माणूस दुसरं हत्यार हाती आलं की साफ गडबडायचा. आणि चौथं पर्व जिंकलं ते ख्रिस चेंग याने. तो ना सैनिक, ना पोलीस. गूगलमध्ये नोकरी करणारा, बराचसा स्वतःच शिकलेला हौशी नेमबाज.

हत्यार बदललं की जुनी सवय कामी येत नाही. तरीही काहीतरी असं असतं जे एका हत्यारातून दुसऱ्यात बरोबर येतं. माझ्या मते ते म्हणजे स्वतःच्या शरीराची ओळख.

एक साधा प्रयोग करा. हात समोर ताठ धरा, तळवा खाली, आणि बोटांवर वर्तमानपत्राचा एक सुटा कागद ठेवा. कागदाची कडा थरथरताना दिसेल. घाबरू नका, हा आजार नव्हे. प्रत्येक निरोगी माणसाचा हात सेकंदाला साधारण ८ ते १२ वेळा अगदी बारीक थरथरतो. ऑलिम्पिकमधल्या नेमबाजाचाही थरथरतो. पूर्ण स्थिर हात नावाची गोष्ट नसतेच.

आता थोडं गणित. बंदुकीच्या नळीच्या टोकाला जी खूण असते तिला आपल्याकडे माशी म्हणतात. डोळ्याजवळची खाच आणि ही माशी यांत ६० सेंटिमीटर अंतर आहे असं धरू. माशी एक मिलिमीटर सरकली, तर १० मीटरवर नेम सुमारे १७ मिलिमीटरने चुकतो आणि ५० मीटरवर ८ सेंटिमीटरहून जास्त. फुगा मोठा असतो, म्हणून फळीवर आपली थोडीफार अब्रू राहते. ५० मीटर रायफलच्या लक्ष्यावर दहा गुणांचं वर्तुळ मात्र जेमतेम १०.४ मिलिमीटर व्यासाचं असतं. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे पॅरिसला १ ऑगस्ट २०२४ रोजी ४५१.४ गुण मिळवून कांस्यपदक जिंकला, तो याच अंतरावर. तेही गुडघ्यावर बसून, पालथं पडून आणि उभं राहून, अशा तिन्ही प्रकारांत. टीव्हीवर तो अगदी पुतळ्यासारखा दिसत होता. आत मात्र त्याचंही हृदय धडधडत होतंच.

हृदयाचा एक ठोका पडला की रक्ताची लाट सगळ्या अंगातून जाते. त्या लाटेने दंड किंचित उचलतो, खांदा किंचित हलतो आणि खांद्याला टेकलेली बंदूकही हलते. रायफल नेमबाजांचं जाड, कडक जाकीट पाहिलं असेल. ते थंडीसाठी नसतं. शरीराची ही हालचाल बंदुकीपर्यंत कमीत कमी पोचावी यासाठी असतं. फिनलंडमधल्या संशोधकांनी १९८७ मध्ये एक गमतीची गोष्ट नोंदवली. मुरलेले नेमबाज चाप दाबतात तो बहुधा दोन ठोक्यांच्या मधल्या शांत क्षणी, आणि नवखे कधीही. नंतरच्या काही अभ्यासांत हे इतकं स्वच्छ दिसलं नाही, त्यामुळे ही गोष्ट दगडावरची रेघ मानू नये. पण चाप ओढण्याआधीच्या काही सेकंदांत कसलेल्या नेमबाजाच्या हृदयाची गती थोडी मंदावते, हे पुन्हा पुन्हा दिसलं आहे.

श्वासाचंही तसंच. आपल्यापैकी बहुतेक जण छाती भरून श्वास घेतात, तो कोंडतात आणि मग नेम धरतात. हे उलटं झालं. भरलेली छाती ताणलेली असते, आणि ताणलेले स्नायू जास्त थरथरतात. नेहमीसारखा श्वास सोडल्यावर पुढचा श्वास घेण्यापूर्वी शरीर आपोआप एक छोटी विश्रांती घेतं. नेमबाज तीच विश्रांती काही सेकंद लांबवतात आणि तेवढ्यात काम उरकतात. आठ-दहा सेकंदांत जमलं नाही तर बंदूक खाली घेतात. श्वास त्याहून लांबवला की नजर धूसर होऊ लागते आणि हात जास्तच हलतो. चढ चढून धापा टाकणाऱ्या माणसाला ही विश्रांती मिळतच नाही. पाचगणी समुद्रसपाटीपासून साधारण १,३०० मीटर उंच आहे. एवढ्या उंचीवरची विरळ हवा निरोगी माणसाला फारशी जाणवत नाही. माझे सात फुगे वाचले ते चढामुळे.

हृदय मंदावण्यासाठी गोळी घेतली तर? हा विचार कुणाच्या मनात आला नसेल असं नाही. रक्तदाबासाठी आणि हृदयविकारासाठी दिली जाणारी बीटा-ब्लॉकर औषधं हृदयाची गती कमी करतात आणि हाताची थरथरही. म्हणूनच नेमबाजी आणि तिरंदाजीत त्यांच्यावर बंदी आहे. २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये उत्तर कोरियाचा पिस्तूल नेमबाज किम जोंग-सू याच्या तपासणीत प्रोप्रानोलोल सापडलं आणि त्याची दोन्ही पदकं, एक रौप्य आणि एक कांस्य, काढून घेतली गेली. खेळाबाहेरही हे औषध मुलाखतीआधी, भाषणाआधी किंवा गाण्याच्या कार्यक्रमाआधी हात कापू नयेत म्हणून परस्पर घेणारे लोक असतात. दम्याच्या रुग्णाने असं केलं तर श्वासनलिका आवळल्या जाऊन जिवावर बेतू शकतं. शेजाऱ्याच्या डबीतली गोळी म्हणून घेण्याची ही वस्तू नाही.

थरथर नेहमीचीच असते असं मी वर म्हटलं खरं, पण तिलाही मर्यादा आहे. कप तोंडाशी नेताना चहा सांडू लागला, सही बिघडू लागली, किंवा हात मांडीवर निवांत असतानाही एकाच बाजूची बोटं हलू लागली, तर डॉक्टरांना दाखवावं. कधी कारण थायरॉइडचं असतं, कधी दम्याच्या औषधाचं, कधी घराण्यात चालत आलेल्या कंपाचं, तर कधी पार्किन्सनची ती सुरुवात असते. दिवसाचा सहावा कप चहा हेही कारण असू शकतं.

आता चाळिशीची गोष्ट. नेम धरताना तीन वस्तू एका रेषेत आणायच्या असतात: डोळ्याजवळची खाच, नळीच्या टोकावरची माशी आणि लांबचं लक्ष्य. डोळा एका वेळी एकाच अंतरावर स्पष्ट पाहू शकतो. शिकवणारे सांगतात, माशी स्पष्ट दिसू द्या, लक्ष्य थोडं पुसट असलं तरी चालेल. कारण वरचं गणित आठवा, चूक माशीपाशी होते. पण चाळिशीनंतर डोळ्याचं भिंग कडक होत जातं आणि हातभर अंतरावरची माशीच पुसट होते. भाचीच्या डोळ्याला ही अडचण अजून तीसेक वर्षं येणार नाही.

नजरेबाबत आणखी एक शोध आहे. कॅनडातल्या कॅलगरी विद्यापीठाच्या जोन विकर्स यांनी १९९०च्या दशकात बास्केटबॉल खेळाडूंच्या नजरेचा माग घेतला. चेंडू फेकण्याआधी चांगल्या खेळाडूची नजर एका जागी जास्त वेळ स्थिरावते, इतरांची भिरभिरत राहते. या स्थिरावण्याला त्यांनी 'शांत डोळा' असं नाव दिलं. नेमबाजांतही पुढे हेच आढळलं. कॅमेरा रोखलेला, साथीदार टपलेले आणि लाख डॉलर पणाला लागलेले असताना पहिली भिरभिरते ती नजर, हात नव्हे.

जुनी हत्यारं तर आपली परीक्षाच पाहतात. सातारच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात जुलै २०२४ मध्ये लंडनहून आलेली वाघनखं ठेवली गेली, तेव्हा ती पाहायला झुंबड उडाली होती. अशा संग्रहालयांतल्या जुन्या बंदुकांसमोर मात्र लोक फारसे रेंगाळत नाहीत. तोड्याच्या बंदुकीत जळती वात कानाजवळच्या दारूला टेकवायची. गारेच्या बंदुकीत गारगोटीच्या ठिणगीने ती पेटवायची. ती आग छिद्रातून आत जाणार, आतली दारू पेटणार आणि मग गोळी सुटणार. आजच्या रायफलीत चाप ओढल्यावर काही हजारांश सेकंदांत जे घडतं, त्याला तिथे त्याच्या कितीतरी पट वेळ लागतो. आणि अचानक झालेल्या भडक्याने आपले डोळे मिटायला सेकंदाचा पंचविसावा भागही पुरतो. म्हणजे गोळी नळीत असतानाच पापणी मिटते, मान मागे जाते आणि नेम ढळतो. आधुनिक बंदुकीवर ही चूक झाकली जाते. जुनी बंदूक ती उघडी पाडते. चेहऱ्यासमोर आग उडाली तरी नजर न हलवणं हे तेव्हाच्या बरकंदाजाचं खरं कसब असणार.

धनुष्याची तऱ्हा आणखी निराळी. तिथे बळ बाहेरून येत नाही, ते स्वतःच्या पाठीतून आणि खांद्यातून द्यावं लागतं. इंग्लंडचं 'मेरी रोझ' हे जहाज १५४५ मध्ये बुडालं आणि १९८२ मध्ये वर काढलं गेलं. त्यात शंभरावर लांब धनुष्यं सापडली आणि खलाशी-सैनिकांचे सांगाडेही. त्यांतल्या बऱ्याच जणांच्या खांद्याच्या टोकाचं हाड मूळ हाडाशी सांधलेलंच नव्हतं. लहानपणापासून जड धनुष्य ओढल्याची ही खूण असावी, असं अभ्यासकांना वाटतं. आपल्या सातारची आदिती स्वामी २०२३ च्या ऑगस्टमध्ये बर्लिनला १४९-१४७ अशी जिंकून सतराव्या वर्षी जगज्जेती झाली. तिचं कंपाउंड धनुष्य चाकांचं असतं. पूर्ण ओढल्यावर हातावर मूळ जोराचा लहानसा भागच राहतो, म्हणून नेमाला वेळ मिळतो. फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा, टोकियो ऑलिम्पिकला गेलेला प्रवीण जाधव रिकर्व्ह धनुष्य चालवतो. त्याला सगळा भार शेवटपर्यंत पेलावा लागतो. वाढत्या वयाच्या मुलांना हौसेने तिरंदाजीला घालणाऱ्या आईबापांनी धनुष्याचा जोर वाढवण्याची घाई करू नये, ती गोष्ट प्रशिक्षकावर सोडावी. खांदा दुखतोय असं मूल म्हणालं, तर ते नाटक समजू नये.

पुन्हा फुग्यांच्या फळीकडे येऊ, कारण 'टॉप शॉट'मध्ये जे असायचं ते इथे नसतं. तिथे प्रत्येकाच्या डोळ्यांवर चष्मा आणि कानांवर संरक्षण. खऱ्या बंदुकीचा आवाज १४० डेसिबलच्या वर जातो आणि कानाच्या आतल्या केसपेशी एका बारातही मरू शकतात. त्या पुन्हा उगवत नाहीत. छर्ऱ्याच्या बंदुकीचा आवाज त्यामानाने सौम्य, पण छर्रा सौम्य नसतो. फळीच्या खिळ्यावर किंवा पत्र्यावर आपटून तो उलट येऊ शकतो, आणि डोळ्यात गेला तर डोळा कायमचा जाऊ शकतो. आम्ही उभे होतो तिथे नेमबाजाच्या अगदी खांद्याला खांदा लावून दुसरी मुलं फुगे बघत होती. कुणालाच चष्मा नव्हता, माझ्या भाचीलाही नाही, आणि ती चूक फुगेवाल्याइतकीच माझी होती. शिवाय हे छर्रे बहुधा शिशाचे असतात. मुलं ते मुठीत धरतात, कधी दातातही, आणि त्याच हाताने कणीस खातात. मुलांच्या शरीरासाठी शिशाची कुठलीही मात्रा सुरक्षित मानली जात नाही.

मे महिन्यात आम्ही पुन्हा गेलो, तेव्हा पिशवीत दोन साधे संरक्षक चष्मे होते, हार्डवेअरच्या दुकानातले. कणीस आधी खाल्लं. मी दहा मिनिटं कठड्यावर बसून राहिलो, मग श्वास सोडून, माशीकडे बघत चाप ओढला. माझे पाच फुगे फुटले. भाचीचे आठ. निघताना फुगेवाल्याने चष्मा हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि किमतीची चौकशी केली.